‘रिकॉल आला म्हणजे गाडी भंगार’: मामाला आलेल्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात चिपळूणच्या मामाला फोन केला. त्याच्याकडे 2010 सालची एक सेडान आहे, सेकंडहँड घेतलेली. गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं होतं की या मॉडेलच्या एअरबॅगचा रिकॉल निघालाय, म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्यात, तुमची गाडी त्यात बसते का ते शोरूमला विचारून घ्या. मी म्हटलं, ‘मामा, विचारलंस का?’ तर म्हणाला, ‘काही गरज नाही. तुला एक मेसेज पाठवलाय, तो वाच आधी.’

तोच मेसेज त्याच्याआधी मला दोघांनी पाठवला होता. गाड्यांचं वेड असलेल्या मंडळींच्या ग्रुपमधून निघून तो आता सोसायटीच्या आणि भिशीच्या ग्रुपपर्यंत आलाय. त्यात पाच मुद्दे आहेत. एक, रिकॉल म्हणजे गाडी भंगार असल्याची कंपनीनेच दिलेली कबुली, ज्या कंपनीचे रिकॉल जास्त तिची गाडी घेऊ नका. दोन, जुन्या जाड पत्र्याच्या गाड्याच खऱ्या सुरक्षित, आताचा पत्रा बोटाने दबतो. तीन, ट्रक आणि चॅसिसवरच्या, म्हणजे खाली वेगळी लोखंडी चौकट असलेल्या गाड्या मुळातच दणकट, त्यांना रिकॉल लागत नाही. चार, एअरबॅगचा रिकॉल हा शोरूमचा धंदा आहे, इतकी वर्षं काही झालं नाही तर आता काय होणार, चालू गाडी खोलू देऊ नका, ओरिजिनल पार्ट काढून घेतात. पाच, भारतात रिकॉलचा कायदाच नाही, म्हणून कंपन्या आपल्या गळ्यात काहीही मारतात.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात सतरा वर्षं क्वालिटीत आहे. एरवी असले मेसेज मी उघडतही नाही. पण मामाची ती गाडी हल्ली माझी मामेबहीण शिकायला चालवते. म्हणून हे लिहितेय, आणि चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करतेय. बाकीच्या चार मुद्द्यांवर विश्वास ठेवून फार तर कोणी चुकीची गाडी घेईल. चौथ्याने जीव जाऊ शकतो.

एअरबॅग फुगते कशी ते आधी बघा. स्टिअरिंगच्या मधोमध धातूचा एक डबा असतो, त्याला इन्फ्लेटर म्हणतात. त्यात रसायनाच्या वड्या भरलेल्या असतात. धडक बसली की त्या पेटतात, त्यांचा वायू होतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. हे सगळं माणसाच्या छातीपासून जेमतेम हातभर अंतरावर. वड्या ठरलेल्या वेगाने जळल्या तर जीव वाचतो. त्याहून वेगाने जळल्या तर तो डबाच फुटतो, आणि त्याचे धारदार तुकडे पिशवी फाडून समोरच्याच्या गळ्यात, तोंडात घुसतात.

जपानच्या टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरांचं नेमकं हेच झालं. त्यांनी वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं, आणि बऱ्याच इन्फ्लेटरांत ओल शोषून घेणारा पदार्थ घातलाच नाही. नव्या बुटांच्या खोक्यात छोटी पांढरी पुडी निघते ना, त्याच कामाचा पदार्थ. अमोनियम नायट्रेट ओल धरतं. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, पुन्हा तापायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की वड्या भुसभुशीत होतात आणि भसकन पेटतात. अमेरिकेचं रस्ता सुरक्षा खातं, एनएचटीएसए, याची तीन कारणं एकत्र सांगतं: ओल शोषणाऱ्या पदार्थाशिवायचं अमोनियम नायट्रेट, दमट हवा, आणि तापमानाचे दीर्घकाळ चाललेले चढउतार. गाड्या बोलावण्याचा क्रमही त्या खात्याने हवामान पाहून लावला. फ्लोरिडा, हवाई असे उष्ण आणि दमट भाग सगळ्यात आधी.

आता चिपळूणची हवा आठवा. पावसाळाभर बरणीतल्या मिठाला पाणी सुटलेलं असतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. पनवेलपासून काणकोणपर्यंत सगळ्या किनारपट्टीची हीच गत. त्या वड्यांना याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

‘इतकी वर्षं काही झालं नाही तर आता काय होणार’ हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं ते यासाठी. या दोषात वर्षं उलटतात तसा धोका वाढतो. जून 2016 मध्ये एनएचटीएसएने 2001 ते 2003 सालच्या काही होंडा आणि ॲक्युरा गाड्यांच्या मालकांना स्पष्ट सांगितलं की गाडी चालवू नका, फक्त दुरुस्तीला न्या. कारण धडकेत एअरबॅग उघडली तर त्यांचे इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता 50 टक्क्यांपर्यंत असल्याचं चाचण्यांत दिसलं होतं. त्या गाड्यांच्या इन्फ्लेटरांत कारखान्यातलाही एक जादा दोष होता, म्हणून आकडा एवढा मोठा; तो मी मामाच्या गाडीला जसाच्या तसा चिकटवत नाही. पण त्या गाड्या तेव्हा तेरा ते पंधरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्या मालकांनाही आदल्या दिवसापर्यंत ‘काहीच झालेलं’ नव्हतं. एअरबॅग धडक बसेपर्यंत गप्पच असते. आवाज करत नाही, गळत नाही, ॲव्हरेज कमी करत नाही. ‘गाडी मस्त चाललीय’ यावरून तिच्याबद्दल काहीही कळत नाही.

एकट्या अमेरिकेत या इन्फ्लेटरांनी 28 जणांचा जीव घेतला. तिथे 19 कंपन्यांच्या गाड्यांमधल्या सुमारे 6.7 कोटी एअरबॅग रिकॉलमध्ये आल्या. चाचण्यांची खोटी माहिती दिल्याबद्दल टकाटाने 2017 मध्ये तिथल्या कोर्टात गुन्हा कबूल केला, 100 कोटी डॉलर भरायचं मान्य केलं आणि त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. भारतातही होंडा, टोयोटा यांनी याच इन्फ्लेटरांसाठी गाड्या परत बोलावल्या. मामाची गाडी कुठल्या कंपनीची ते मी लिहीत नाही, इतक्या कंपन्यांनी हा माल वापरलाय की नावाने फरक पडत नाही.

आणि ‘ओरिजिनल पार्ट काढून घेतात’ म्हणे. काढून घेतात, कारण तो पार्टच जीवघेणा आहे! त्या जागी नवा बसवतात आणि रिकॉलच्या कामाचं बिल गाडीमालकाला लागत नाही. कोणी पैसे मागितलेच तर ते लेखी मागायला सांगा आणि तोच कागद कंपनीला पाठवा. फक्त एक करू नका: घाबरून नाक्यावरच्या गॅरेजमध्ये एअरबॅग खोलायला देऊ नका. तो स्फोटक भाग आहे.

आता पहिला मुद्दा. रिकॉल ही कबुली आहे, मान्य. पण कशाची? अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बनलेल्या गाड्यांच्या अमुक भागात दोष असू शकतो, याची. कारखान्यात प्रत्येक लॉटला नंबर देतात तो याचसाठी. आमच्याकडे मागे एका शिफ्टला टॉर्क गन बिघडली आणि बोल्ट कमी आवळले जात होते. संध्याकाळच्या तपासणीत ते लक्षात आलं. त्या दिवसाच्या सगळ्या पेट्यांवर लाल स्टिकर लागले, माल घेऊन निघालेला टेम्पो तळेगावहून परत फिरवला, आणि आम्ही रात्रभर बसून एकेक बोल्ट पुन्हा तपासला. लक्षात आलं नसतं तर ते भाग गाड्यांत बसून लोकांच्या दारात उभे राहिले असते, आणि मग रिकॉल हाच एक रस्ता उरला असता. ज्या कारखान्यात असं कधीच काही सापडत नाही, तिथे कोणी शोधत नसतं.

तरी एवढं मान्य करते: एकाच दोषासाठी तीच गाडी पुन्हा पुन्हा बोलावली जात असेल, किंवा अपघात होऊन बोभाटा झाल्यावरच कंपनी हलली असेल, तर त्या कंपनीबद्दल जरूर शंका घ्या. नुसते रिकॉल मोजून काही कळत नाही.

‘ट्रकला रिकॉल लागत नाही’ हे लिहिणाऱ्याने कुठल्या जगात बसून लिहिलं कोण जाणे. टेस्लाचा सायबरट्रक घ्या, ज्याच्या जाड स्टेनलेस स्टीलचं गाडीवेड्यांमध्ये एवढं कौतुक चालतं. एप्रिल 2024 मध्ये असे 3,878 ट्रक परत बोलावले गेले. ॲक्सिलरेटरच्या पेडलवरची पट्टी निसटून वर अडकू शकत होती, म्हणजे पाय उचलला तरी पेडल दाबलेलंच. कारण असं निघालं की पट्टी सहज चढावी म्हणून जुळणी करताना साबण लावला जात होता, आणि या बदलाला मंजुरी घेतलेली नव्हती. क्वालिटीतल्या कुठल्याही माणसाच्या पोटात हे वाचून गोळा येईल, कारण असा ‘सोपा उपाय’ प्रत्येक लाइनवर कोणाला ना कोणाला सुचतच असतो. पुढे मार्च 2025 मध्ये तोपर्यंत बनलेले जवळपास सगळे, 46,096 सायबरट्रक बोलावले, कारण छताच्या कडेच्या स्टीलच्या पट्ट्या ज्या चिकटद्रव्याने बसवल्या होत्या ते ठिसूळ होऊन पट्ट्या चालत्या गाडीवरून सुटत होत्या. पत्रा कितीही जाड असो, तो धरून ठेवणारी गोष्ट कच्ची असली की संपलं. टोयोटाच्या टुंड्रा पिकअपचं नाव तर विश्वासाचं. 2024 मध्ये अमेरिकेत त्या आणि लेक्ससच्या मिळून एक लाखाच्या वर गाड्या रिकॉलमध्ये आल्या, मशीनिंगचा कचरा इंजिनात राहून गेला म्हणून.

जाड पत्र्याबद्दल थोडक्यात. 2009 मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने 1959 सालची शेवरोले बेल एअर आणि 2009 सालची शेवरोले मालिबू समोरासमोर आदळवल्या. जुन्या गाडीत ड्रायव्हरची जागाच चेपून गेली, तिथे माणूस असता तर वाचला नसता. नवीतल्याच्या पायाला किरकोळ इजा झाली असती, एवढंच. बोटाने दबतो तो बाहेरचा पत्रा, धडकेचा भार त्याच्यावर नसतो. तो पेलतात पिलर म्हणजे छताचे खांब, दाराखालचा सिल, फ्लोअरमधले आडवे मेंबर, आणि तिथे आता हॉट स्टॅम्पिंगचं, म्हणजे तापवून साच्यात दाबलेलं बोरॉन स्टील येतं, साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताकदीचं. पुढचा भाग चुरगळतो तो धक्का केबिनपर्यंत पोचू नये म्हणून.

चॅसिसवाल्यांना आपल्याकडचंच उदाहरण. गाड्या आदळवून त्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2016 मध्ये तपासलेल्या एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच. दोन्ही गाड्या लॅडर फ्रेमच्या, म्हणजे चॅसिसवरच्याच. फरक पडला तो वरची बॉडी, बेल्ट आणि एअरबॅग यांचा.

राहिला पाचवा मुद्दा, आणि यात थोडं तथ्य आहे हे नाइलाजाने कबूल करते. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या तपासल्या तेव्हा पाचही शून्यावर आल्या. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती जुलै 2019 मध्ये. राग यावा असंच ते सगळं होतं. पण ‘कायदाच नाही’ हे धादांत खोटं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110अ आलं, त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत, सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं आणि दंड एक कोटी रुपयांपर्यंत जातो. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर दंड नाही, म्हणजे लपवण्यापेक्षा सांगणं फायद्याचं व्हावं अशीच ती रचना आहे. त्यातली मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे: सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता आहे. टकाटासारखा दोष तर गाडी जुनी झाल्यावर जीव घेतो. शिवाय सेकंडहँड गाडीचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. मामाला ते आलं नाही याचं कारण हेच असणार. मेसेज लिहिणाऱ्याने याबद्दल आवाज उठवला असता तर मी स्वतः तो चार जणांना पाठवला असता.

फोनवरच मी मामाला आरसी काढायला लावली. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलसाठी चॅसिस नंबर टाकायची जागा असते. तो नंबर सतरा अक्षरांचा. मामाने चष्मा लावून वाचून दाखवला, मी टाकला, उत्तर आलं की असा नंबर नाही. ‘बघ, सांगत होतो, आपली गाडी त्यात नाही,’ मामा म्हणाला. मी परत वाचायला लावला. मधे एका ठिकाणी तो ‘ओ’ म्हणत होता. चॅसिस नंबरात ओ, आय आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, शून्य आणि एकशी घोळ होतो म्हणून. ओच्या जागी शून्य टाकलं आणि गाडी यादीत निघाली. ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग, काम बाकी.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘काल ती एकटी गुहागरला जाऊन आली गं.’

शोरूमने इन्फ्लेटर मागवलाय, पुढच्या गुरुवारी गाडी आणायला सांगितलंय. तोवर ती अंगणात उभी आहे आणि किल्ली मामीकडे आहे. मामाने तो मेसेज ज्या तीन ग्रुपवर टाकला होता, त्या तिन्हींवर तो आज हे उत्तर टाकणार आहे.