‘एलईडीला कुठे करंट लागतो?’

पिकअपवर लाइट बार, म्हणजे एलईडी दिव्यांची लांब पट्टी, बसवायचा विचार नुसता बोलून दाखवला, तरी मोबाइलवर एक मेसेज येऊन पडतोच. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: “एलईडी बार करंट घेतच नाही. रिले, फ्यूज हे सगळे दुकानदारांचे चोचले. हेडलाइटच्या अप्परच्या वायरला जोड मारा, बार टपावर चढवा. जितके वॉट जास्त, तितकं लांब दिसणार. धुक्यात तर विचारूच नका!”

एकेक दावा घेऊ. पहिल्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण त्यापायी गाडी पेटू शकते.

तेवढ्याच उजेडासाठी एलईडी हॅलोजनपेक्षा कमी करंट घेते, इथवर खरं. पण बारमध्ये एक एलईडी नसते, पन्नास-साठ असतात. हिशेब शाळेतला आहे: वॉट भागिले व्होल्ट. खरोखरच १८० वॉट ओढणारा बार १२ व्होल्टवर १५ अँपिअर घेणार. एच४ हॅलोजन बल्बचा अप्पर, म्हणजे लांबचा झोत, ६० वॉटचा, म्हणजे ५ अँपिअर. दोन बल्बचे मिळून १०. गाडीची मूळ वायर आणि फ्यूज त्या १० च्या हिशेबानं दिलेले असतात. त्यांच्या डोक्यावर आणखी १५ लादायचे आणि वर म्हणायचं, करंट घेतच नाही!

नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो. मग कुणीतरी हुशारी करून तिथे मोठा फ्यूज बसवतो. फ्यूज बारसाठी नसतोच मुळी, तो वायरीसाठी असतो. मोठा बसवला की आता वायरच फ्यूजचं काम करणार.

अशी एक पिकअप मी उघडली आहे. मालकाची तक्रार होती, “बार झकास लागतो, पण जळका वास येतो.” हेडलाइट सोडवला तर जोडावरची टेप वितळून डांबरासारखी बोटाला चिकटली. वायर होती अर्ध्या स्क्वेअर एमएमची, लांबी चारेक मीटर. एवढ्या वायरीतून १५ अँपिअर गेले की दोन व्होल्टच्या वर वाटेतच खर्च होतात. म्हणजे तीसेक वॉटची उष्णता वायरीतच. हॅलोजन असता तर मंद पडून त्यानं तक्रार केली असती. बऱ्या बारमधला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला पुरवठा सांभाळणारं सर्किट, मात्र व्होल्टेज पडलं की उजेड टिकवण्यासाठी जास्त करंट ओढतो. वायर आणखी तापते, बार आपला लखलखीत. म्हणून ‘झकास लागतो’ हा वायरिंग बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

आता रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. अप्परच्या वायरला जोड मारायला हरकत नाही, पण फक्त इशाऱ्यापुरता. रिलेची कॉइल साधारण पाव अँपिअरच्या आतच घेते. तो जोड रिलेच्या ८६ क्रमांकाच्या पिनेला, ८५ ची पिन अर्थला. मुख्य करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे ३० वर येतो आणि ८७ वरून बारकडे जातो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला वाली नसतो. अर्थचा थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर कसायचा. काही नव्या गाड्यांत हेडलाइटला तुटक-तुटक पुरवठा जातो, तिथे रिले टकटकत बसतो. अशा वेळी वेगळा स्विच बरा.

वॉटची गंमत वेगळीच आहे. स्वस्त बारच्या खोक्यावरचा आकडा बहुधा गुणाकाराचा असतो: ६० एलईडी, प्रत्येकी ३ वॉट, लिहा १८०. वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावला की ६ अँपिअर दिसतात, म्हणजे जेमतेम ७२ वॉट. मेसेज लिहिणाऱ्याची वायर अजून शाबूत असेल, तर श्रेय एलईडीला नाही, खोक्यावरच्या थापेला.

आणि वॉट खरे असले तरी लांबचं दिसेल असं नाही. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायचा तर एका दिशेनं जाणारा प्रकाश चौपट लागतो, आणि ते काम लेन्स-रिफ्लेक्टरचं. पसरट झोताचा बार बंपरपुढची जमीन दिवसासारखी उजळतो. त्या उजेडानं डोळ्याची बाहुली आकसते आणि पलीकडचा अंधार आणखी गडद होतो. चालवणाऱ्याला वाटतं, काय उजेड आहे! रस्त्यावर बसलेलं जनावर मात्र उशिराच दिसतं.

टपावरचा बार आधी बॉनेट उजळतो, मग रस्ता. पाऊस किंवा धूळ असली की डोळ्यांसमोरच पांढरा पडदा उभा राहतो. वाऱ्यानं शिट्टी वाजते ती वेगळीच.

धुक्याचा दावा तर उलटाच आहे. धुक्यातला दिवा खाली असावा, झोत रुंद आणि वरची कड कापलेली. बार यातलं काहीच करत नाही. तो थेंबांवर प्रकाश मारतो आणि थेंब तो परत तोंडावर फेकतात. ‘मग पिवळा घ्या’ हा सल्लाही अर्धाच. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे पिवळा त्यांतून पार जातो असं काही नाही. काहींच्या डोळ्यांना तो कमी बोचतो, इतकंच.

समोरून येणाऱ्याचा त्या मेसेजमध्ये उल्लेखही नाही. नियम देशागणिक बदलतात. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ४८ जिथे लागू आहे, तिथे एका वेळी लागणाऱ्या सगळ्या अप्परची मिळून मर्यादा ४,३०,००० कँडेला (एका दिशेनं जाणाऱ्या प्रकाशाचं माप) आहे. मान्यताप्राप्त दिव्याच्या काचेवर संदर्भ आकडा असतो; १०० म्हणजे हीच मर्यादा. हेडलाइटचे आणि बारचे आकडे मिळून १०० च्या वर जाता कामा नयेत. काचेवर काहीच खूण नसेल, तर तो बार सार्वजनिक रस्त्यावर झाकून ठेवायचा.

त्या पिकअपचा बार मी काढला नाही. अडीच स्क्वेअर एमएमची वायर ओढली, रिले आणि २० अँपिअरचा फ्यूज घातला. वास गेला. मालक म्हणाला, “एवढं करून उजेड काही वाढला नाही.” वाढणार नव्हताच.