मामा येईनात

मिनियापोलिसच्या जानेवारीत शनिवारी पहाटे चारला जाग आली ती शांततेमुळे. घर गरम ठेवणारी तळघरातली गॅसची फर्नेस रात्रभर घुरघुरत असते, ती गप्प होती. बाहेर उणे 24, घरात 13. साताऱ्याहून पहिल्यांदाच आलेली आई कानटोपी, दोन स्वेटर आणि वरून माझा रेनकोट अशा अवतारात हॉलमध्ये बसलेली.

"बंब विझला वाटतं," ती म्हणाली.

"आई, बंब नाही गं. फर्नेस."

"असेल. ह्याचा धूर कुठून जातो रे?"

मी हसलो. 95 टक्के कार्यक्षमतेच्या यंत्राला धूर कसला विचारतेस, असं काहीसं बोलून टॉर्च घेऊन खाली उतरलो.

पत्र्याच्या दाराला बारीक काच असते. त्यातून लाल दिवा दिसत होता. तीनदा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा तीनदा. दार उघडलं की यंत्राचा वीजपुरवठाच तुटतो, म्हणजे दिवाही गेला. पण दाराच्या आतल्या तक्त्यात लिहिलं होतं : तीन म्हणजे प्रेशर स्विच.

प्रेशर स्विच म्हणजे लग्नातले मुलीचे मामा. थर्मोस्टॅटने मुहूर्त काढला की आधी इंड्यूसर नावाचा छोटा पंखा फिरतो आणि जळका वायू बाहेर ओढायला लागतो. ती ओढ रबरी नळीतून स्विचच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचली की मामा मान डोलावतात. मगच इग्नायटर लाल होतो, गॅस सुटतो, जाळ होतो. मामा आले नाहीत तर भटजी, वाजंत्री, वऱ्हाड सगळे ताटकळत. आमचा पंखा फिरत होता, थांबत होता, पुन्हा फिरत होता. मामा येईनात.

मामांच्या अंगावर छापलं होतं : उणे 0.60 इंच वॉटर कॉलम. म्हणजे स्ट्रॉमध्ये पाणी जेमतेम दीड सेंटीमीटर चढेल, एवढीच ओढ. उसाचा रस प्यायला याहून जास्त दम लागतो. एवढंही ज्याला कळत नाही तो स्विच बादच, असा मी निकाल दिला.

मेकॅनिक मंगळवारी मिळणार होता. एका मित्राला फोन केला. "दोन वायरी जोड, डायरेक्ट करून टाक," तो म्हणाला. हा माणूस बँकांची सॉफ्टवेअर्स लिहितो. जळका वायू बाहेर जात नसेल तर गॅस सुटूच नये म्हणून तर तो स्विच असतो. घरात साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. त्यापेक्षा गारठा बरा, तो निदान कळतो तरी.

दुकानातून 38 डॉलरचे नवे मामा आणले. दोन स्क्रू, दोन वायरी, एक नळी. व्हिडिओत दहा मिनिटं लागतात, मला दोन तास लागले. त्यातला एक तास बर्नरखाली पडलेल्या स्क्रूचा. तो शेवटी फ्रिजवरच्या तुळजाभवानीच्या मॅग्नेटने वर आला. दार लावलं, बटण दाबलं. पंखा फिरला.

तीन लुकलुक.

वर आलो तेव्हा घरात 9 होते. आईने रेनकोटाची टोपीही डोक्यावर ओढली होती. "धूर जातो कुठून ते बघितलंस का?"

आता हिला दाखवूनच टाकू म्हणून तणतणत बाहेर गेलो. गाडीच्या वाटेलगत भिंतीतून फर्नेसचे दोन पांढरे पाइप बाहेर येतात. यायला हवे होते. तिथे बर्फाचा एक सुबक डोंगर होता, फावड्याच्या पाठीने थापून थापून गुळगुळीत केलेला. आदल्या संध्याकाळी गाडीची वाट मोकळी करून तो मीच रचला होता. 'आमचा अजिंक्यतारा' म्हणून त्याचा फोटोही घरच्या ग्रुपवर टाकला होता.

खणून आत आलो तोवर फर्नेस घुरघुरत होती. आई रेनकोट काढून, घडी घालून चहा ठेवायला गेली. काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

जुना स्विच ड्रॉवरमध्ये आहे. बायकोने त्याला चिकटपट्टी लावून वर पेनाने लिहिलंय : निर्दोष.