अंशतः ढगाळ

परवा संध्याकाळी साडेपाचला मी डोक्यावर पातेलं उपडं घालून टोमॅटोच्या वाफ्यात उभी होते, आणि कुंपणापलीकडून काका मला ओरडून सांगत होते की पाऊस पडत नाहीये.

पातेल्यावर गारा बडवत होत्या, त्यामुळे काकांना प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागत होतं. तेही न कंटाळता म्हणत होते.

आधीचं थोडक्यात सांगते. थंडी सरली म्हणून टोमॅटोची चौतीस आणि मिरचीची वीस रोपं ट्रेमधून काढून वाफ्यात लावली. लावली त्या दिवसापासून फोनवर ढग आणि त्यातून निघालेली वीज असं चित्र यायला लागलं. ओळीने चार संध्याकाळी मी काठ्या रोवून त्यावर जुन्या चादरी, दोन पडदे आणि एक शॉवरचा पडदा ताणला. चारही रात्री टिपूस पडला नाही. पाचव्या दिवशी चित्र बदललं. हसरा सूर्य, त्याच्या कुशीत कापसाचा बोळा. अंशतः ढगाळ. मी चादरी काढल्या आणि मशीनमध्ये टाकल्या. त्या साबणात गरगरत असताना बोराएवढ्या गारा आल्या.

आता काका. काका निवृत्त हिशेबतपासनीस आहेत. त्यांच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी आहे, एक कुंडीसुद्धा नाही. गवताचं पातं फटीतून वर आलं तर ते उपटून त्याची चौकशी करतात. पण हवामानात त्यांच्याइतका जीव गुंतलेला माणूस मी पाहिलेला नाही. फोनवर तीन अ‍ॅप आहेत. सकाळी सात वाजता ते तिन्ही उघडतात, पावसाचे टक्के एका वहीत उतरवतात, सरासरी काढतात आणि कुंपणाशी येऊन निकाल जाहीर करतात.

"एक म्हणतंय चाळीस, दुसरं दहा, तिसरं सत्तर. आपण चाळीस धरू."

पहिल्या दिवशी मी चूक केली आणि विचारलं, "चाळीस टक्के म्हणजे नेमकं काय हो काका?"

"म्हणजे दिवसाचे चाळीस टक्के." त्यांनी तोंडी हिशेब केला. "नऊ तास छत्तीस मिनिटं."

"इतका वेळ पाऊस?"

"सलग नसेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मत बदललं. चाळीस टक्के म्हणजे चाळीस टक्के भागात. "मग माझ्याकडे कुठे पडेल?" या माझ्या खवचट प्रश्नावर त्यांनी दोन्ही वाफे नीट न्याहाळले आणि अत्यंत गांभीर्याने सांगितलं, "मिरचीकडे."

वास्तविक अर्थ असा की आजच्यासारखी हवा असलेले दहा दिवस घेतले तर त्यातल्या चार दिवशी तिथे पाऊस पडतो. किती वेळ पडेल, किती पडेल, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. पण काकांना हसण्यात अर्थ नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्कमधल्या लोकांना विचारलं होतं की 'उद्या पावसाची शक्यता 30 टक्के' म्हणजे काय. निम्म्याहून जास्त लोकांनी बरोबर उत्तर दिलं ते फक्त न्यूयॉर्कमध्ये. बाकीच्या चार शहरांतही भरपूर काका आहेत.

पाचव्या दिवशी तिन्ही अ‍ॅपमध्ये शून्य होतं. सरासरी काढायला काही उरलंच नाही म्हणून काका जरा खट्टू होते. मात्र त्या शून्यावर त्यांची जी श्रद्धा बसली, ती गारांनीही ढळली नाही.

"अगं, शून्य दाखवतंय!" ते पडवीत छत्री उघडून उभे होते. पडवीला छप्पर आहे. छत्री कशाला, ते मला विचारायला सुचलं नाही.

"काका, मग माझ्या डोक्यावर काय पडतंय?"

"त्या गारा आहेत! पाऊस वेगळा!"

"आकाशातूनच पडतायत ना!"

"अ‍ॅपमध्ये गारांचा रकाना नाहीये!" मग हा मुद्दा नोकरीत अनेकांना समजावून दमल्यासारखा आवाज खाली आणून, आणि अर्थातच दोनदा: "ज्याचा रकानाच नाही, त्याची नोंद कुठे करणार?"

मी एका हाताने शॉवरचा पडदा चार मिरच्यांवर धरून होते, दुसऱ्या हाताने पातेलं. पडद्यावर मासे आहेत. काका पुढे म्हणाले, "पातेलं जरा मागे सरकव."

मला वाटलं, कपाळाला लागेल म्हणून सांगतायत. काळजी आहे माणसाला. मी सरकवलं.

"हां. आता चेहरा येतोय."

तो फोटो रात्रीपर्यंत त्यांच्या सूनबाईंच्या बहिणीपर्यंत पोचला होता. आवडल्याचं काकूंनी आवर्जून कळवलं.

वादळ बारा मिनिटांत संपलं. मागोमाग साधा, सभ्य पाऊस सुरू झाला. मी पातेलं वाफ्याच्या कडेला उताणं टाकून घरात आले, तेव्हा फोन किणकिणला. 'पुढील 10 मिनिटांत पाऊस सुरू होण्याची शक्यता.' मी केस पुसत होते. पुन्हा किणकिणला. 'तुमच्या भागात आत्ता पाऊस पडतोय का? हो / नाही.'

मी तुला विचारावं म्हणून तुला ठेवलाय ना रे?

रात्री झोप येईना, म्हणून मी वाचत बसले आणि रागाला जागा सापडेना, कारण शास्त्रज्ञांची बाजू अगदी भक्कम निघाली. वसंतात जमीन भराभर तापते, वरची हवा मात्र अजून थंडच असते. मग खालची गरम, दमट हवा सुसाट वर जाते. ढगात शून्याखालच्या तापमानातही न गोठलेले थेंब तरंगत असतात. ते बर्फाच्या कणावर आदळून गोठतात, कण फुगत जातो आणि वर चढणाऱ्या हवेला त्याचं ओझं पेलेनासं झालं की तो सुटतो आणि माझं पातेलं शोधतो. असा एकटा ढग काही किलोमीटर रुंद, आणि आयुष्य फार तर तासाभराचं. सगळ्या पृथ्वीचा अंदाज करणारी संगणकावरची चांगली प्रारूपं, म्हणजे मॉडेलंसुद्धा, जमिनीचे साधारण नऊ-दहा किलोमीटरचे चौकोन पाडतात. आख्खा ढग एका चौकोनात लपून बसू शकतो. आज हवा भडकायला टेकली आहे एवढं सांगता येतं, पण कुणाच्या वाफ्यावर ते नाही.

आणि आकडेही नाजूक. 1961 साली एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवामानाचं एक गणित संगणकावर अर्ध्यावरून पुन्हा सुरू केलं. छापील कागदावर होता तो 0.506 हा आकडा त्याने भरला, यंत्राच्या पोटात मात्र 0.506127 होता. तो कॉफी पिऊन परत येईपर्यंत यंत्राने दोन महिन्यांचं हवामान उरकलं होतं आणि ते आधीच्याशी काही केल्या जुळेना. हे मी दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. ते हळहळले. "तीन दशांश स्थळं खाऊन टाकली? वर कॉफी प्यायला गेला?" आमच्या वेळी मेमो मिळाला असता, म्हणाले.

तर शास्त्राशी माझं भांडण नाही. अंदाज दर दहा वर्षांत साधारण एक दिवस पुढचं बघायला शिकले आहेत, ही थोर गोष्ट आहे. माझं भांडण त्या चित्राशी आहे. चोवीस तासांना एक चित्र! भुरभुर पाऊस आणि रोपं झोडपणारा पाऊस, दोघांना तोच ढग, तेच तीन थेंब. त्या कापसाच्या बोळ्यामागे 'बहुतेक काही होणार नाही, पण झालंच तर वाईट होईल' असं एक वाक्य नक्की होतं. ते कुणीतरी वाटेत काढून टाकलं, कारण ते चित्रात मावत नव्हतं. आणि मी चुकले तर रोपं माझी जातात. चित्र चुकलं तर चित्राचं काय जातं? माझी चौपन्न रोपं, हौसेची. पुन्हा बी टाकीन, चिडचिड करीन. ज्याचं कापलेलं पीक शेतात उघडं पडलंय, किंवा औषध फवारून पानावर सुकायला ज्याला फक्त चार कोरडे तास हवे आहेत, त्याने हा सूर्य हसताना बघायचा. चार दिवस उगाच लांडगा आला म्हणायचं आणि पाचव्या दिवशी लांडग्याने यायचं. वर त्या माणसाला विचारायचं, तुमच्या भागात लांडगा आहे का? हो / नाही.

सकाळी मोजलं. टोमॅटो अकरा उभे. बाकीचे देठात मोडलेले, पानं मातीत थापलेली, जणू कुणी बोटाने दाबून दाबून बसवली आहेत. मिरच्यांपैकी माशांखालच्या चार शाबूत. फोन उघडला तर 'काल'च्या रकान्यात विजेचा ढग! आदल्या दिवशीचा सूर्य रातोरात काढून नेला होता. माफी नाही, खुलासा नाही, आम्हाला ठाऊकच होतं असा चेहरा. खाली पाऊस 3 मिलिमीटर.

सात वाजता काका वही घेऊन आले आणि कुंपणावरून वाकून बघत राहिले. मला वाटलं, टोमॅटो बघतायत. ते पातेलं बघत होते.

"कालपासून इथेच आहे? हलवलं नाहीस?"

"नाही."

"कडा उभ्या आहेत याच्या." ते घरात गेले, फूटपट्टी घेऊन फाटकातून आत आले, मेलेल्या टोमॅटोंवरून जपून पाय टाकत पातेल्याशी पोचले आणि उकिडवे बसले. पट्टी पाण्यात उभी धरली, चष्मा वर करून वाचली.

"अगं," ते खरोखर चकित होऊन म्हणाले, "काल पाऊस पडला की!"

पट्टीवर 19 मिलिमीटर होते. काकांनी माझा फोन मागून घेतला, त्यातले 3 बघितले, थोडा वेळ विचार केला आणि वहीत लिहिलं, 11.