दोन पोरं, एक वाढदिवस आणि 'मी पण!'

घरात दोन लहान मुलगे असले की वाढदिवस असो, सण असो की नुसता सुट्टीचा दिवस, बेत फसतो तो बहुतेक एकाच जागी. एकजण काहीतरी करत असतो आणि दुसरा वाट बघत उभा असतो. चार वर्षांच्या पोराला दोन मिनिटं थांबणंही जड जातं, आणि पाचव्या मिनिटाला तो जे करतो त्याला आपण दंगा म्हणतो.

यावर घरोघरी निघणारा तोडगा म्हणजे 'दोघांना सगळं सारखं'. सारखे शर्ट, सारखी खेळणी, दोघांना एकच खेळ. माझं स्पष्ट मत आहे की भांडण लागतं ते यामुळेच. सारख्या वस्तू शेजारी ठेवल्या की तुलना करायला सोपं जातं, आणि सारखा खेळ लावला की थोरला दरवेळी जिंकतो. त्यापेक्षा एकाच मजेतली दोन वेगळी कामं द्या, तीही अशी की एकाचं दुसऱ्यावाचून अडेल. पुढचं सगळं एक चारचा आणि एक सातचा धरून लिहितोय. तुमच्याकडे वयं थोडी वरखाली असतील तर तेवढा फेरफार करून घ्या.

मेणबत्तीपासूनच सुरुवात करू, कारण पहिली ठिणगी तिथेच पडते. वाढदिवस थोरल्याचा, गाणं संपत आलेलं, आणि धाकटा मध्येच तोंड घालून फुंकर मारून मोकळा. मग रडारड, फोटो वाया, पाहुणे कानकोंडे. उपाय सोपा आहे आणि आधीच ठरवून सांगायचा आहे: पहिली फुंकर ज्याचा वाढदिवस त्याची, मग मेणबत्ती पुन्हा पेटवायची आणि दुसरी फुंकर भावाची. एवढं आधी माहीत असलं तर धाकटा कळ काढतो. गाण्याच्या वेळी त्याच्या हातात पंखा बंद करायचं किंवा दिवे मालवायचं काम द्या. बटण दाबणं हा त्या वयात फार मोठा मान असतो.

फुंकल्यावर पुन्हा पेटणाऱ्या 'जादूच्या' मेणबत्त्या आणल्या असतील तर त्यांच्या वातीत मॅग्नेशियमची पूड असते, ती धुमसत राहते म्हणून ज्योत परत धरते. त्या काढल्यावर थेट पाण्याच्या वाटीत बुडवा, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आणि तो फेस उडवायचा स्प्रे, जो हल्ली प्रत्येक वाढदिवसाला कोणीतरी घेऊन येतोच, तो पेटत्या मेणबत्तीच्या आसपास अजिबात नको. अशा बऱ्याच डब्यांत फेस बाहेर ढकलणारा वायू ब्यूटेन किंवा प्रोपेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. ज्योत आणि फवारा एकत्र आले की चेहऱ्यावरचा फेस पेट घेतो. ही भीती घालण्यापुरती गोष्ट नाही, असे अपघात खरोखर झालेत.

आता खेळ. संगीतखुर्चीसारख्या खेळात जो बाद होतो तो बहुधा सगळ्यात लहान असतो, म्हणजे ज्याला बसवून ठेवणं सगळ्यात अवघड तोच आधी मोकळा होतो. नियम उलटा करा: खुर्च्या कमी करत जा, पोरं कमी करू नका. शेवटी दोन खुर्च्यांवर सात जण कसे मावतात हाच खेळ. खुर्च्या प्लास्टिकच्या असतील तर त्याऐवजी जमिनीवर उशा किंवा सतरंज्या घ्या, कारण एका खुर्चीवर चौघं चढले की पाय फाकतात आणि खुर्ची बसते. शर्यत लावायचीच असेल तर थोरल्याला उलट्या हाताने चमच्यात चेंडू धरायला सांगा. त्याला हे कमीपणाचं वाटत नाही, उलट 'अवघड लेव्हल' म्हटलं की तो खूश.

सगळ्यात जास्त मजा आणि सगळ्यात कमी खर्च कशात असेल तर खजिन्याच्या शोधात. पण तो नीट लावावा लागतो. चिठ्ठ्या सहा ते आठ पुरतात. त्यापेक्षा जास्त झाल्या की धाकटा मध्येच सोडून देतो, आणि चारच ठेवल्या तर पाच मिनिटांत आटोपतं. लिहायचं शेवटाकडून: आधी खजिन्याची जागा ठरवा, मग तिकडे पाठवणारी चिठ्ठी, मग त्या चिठ्ठीची जागा, असं मागे मागे येत पहिलीपर्यंत. हमखास होणारी चूक म्हणजे 'चपलांच्या रॅककडे बघ' ही चिठ्ठी चपलांच्याच रॅकमध्ये ठेवली जाते. म्हणून प्रत्येक चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात ती कुठे ठेवायची ते लिहा, आणि सगळी यादी स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. एखादी चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने उडते किंवा कोणीतरी पाहुणा ती उचलून खिशात टाकतो. यादी हाताशी असली की खेळ अडत नाही.

दोन भावांसाठी खरी गंमत चिठ्ठ्यांच्या वाटणीत आहे. विषम आकड्यांच्या चिठ्ठ्या चित्राच्या, सम आकड्यांच्या शब्दांच्या. चित्राची चिठ्ठी फक्त धाकट्याने सोडवायची, शब्दांची थोरल्याने वाचायची. चित्र म्हणजे घरातल्या वस्तूचा जवळून काढलेला फोटो: उशीच्या अभ्र्यावरची नक्षी, दाराची कडी, सायकलच्या पेडलचा एक कोपरा. फार जवळून काढलात तर मोठ्यांनाही ओळखू येत नाही, म्हणून वस्तूचा साधारण तिसरा हिस्सा तरी दिसू द्या. थोरल्यासाठी कोडं पुरेसं अवघड हवं, नाहीतर तो अंदाजाने पुढे पळतो. उलट्या क्रमाने लिहिलेला शब्द, आरशात वाचायचं वाक्य, आकड्यांवरून अक्षरं, असलं काही. सगळ्या चिठ्ठ्या धाकट्याच्या हाताला लागतील अशा, जमिनीपासून मीटरभराच्या आत. शेगडी, इस्त्री, विजेचे बोर्ड आणि औषधांचं कपाट यांच्या आसपास एकही नाही. 'तिथे नाही' असं सांगून भागत नाही, कारण शोधायच्या नादात पोरं सगळीकडे हात घालतात.

खजिन्याच्या डब्याला साधं आकड्यांचं कुलूप लावा. तीनपैकी एक आकडा धाकट्याच्या चिठ्ठीत, दोन थोरल्याच्या. आत जे काही असेल ते सम संख्येत ठेवा किंवा एकच मोठी वस्तू दोघांत मिळून. पाच गोष्टी ठेवल्यात तर पाचवीवरून होणारं भांडण तुम्ही स्वतःच विकत घेतलंत.

बाहेर मोकळी जागा असेल तर साबणाचे फुगे. विकतच्या छोट्या बाटल्या पाच मिनिटांत सांडतात, त्यामुळे घरीच करा: एक लिटर पाणी, १०० मिली भांडी घासायचं लिक्विड, ४० ते ५० मिली ग्लिसरीन. आधी पाणी घ्या, मग लिक्विड, मग ग्लिसरीन, आणि चमच्याने हळू ढवळा. घुसळलं की फेस येतो आणि फेस हा फुग्याचा शत्रू. पृष्ठभागावरचे बारीक बुडबुडे पातळ पडद्याला लागले की तो तिथेच फाटतो. मिश्रण आदल्या रात्री करून ठेवलं तर फेस बसतो, उरलेला सकाळी चमच्याने काढून टाकायचा. ग्लिसरीन पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतं, म्हणून फुगा जास्त टिकतो. त्याच कारणाने भर दुपारच्या कोरड्या उन्हात सगळी मेहनत वाया जाते. सकाळी लवकर किंवा पाऊस पडून गेल्यावर हेच मिश्रण दुप्पट चांगलं वाटतं. कोरड्या बोटाने फुगा फुटतो, ओल्या बोटाने फुटत नाही. हा प्रयोग पोरांना आधी दाखवा, पुढची दहा मिनिटं ती त्यातच रमतात.

मोठ्या फुग्यासाठी ६० ते ७० सेंटिमीटरच्या दोन काठ्या, त्यांच्या टोकांमध्ये अर्धा मीटर सुती दोरा, आणि त्याच टोकांना बांधलेला एक मीटरचा दुसरा दोरा, ज्यात मधोमध एक वॉशर ओवलेला. दोरा सुतीच हवा, नायलॉन पाणी धरत नाही. काठ्या एकत्र ठेवून दोरा पूर्ण बुडवायचा, वर काढून हळूहळू फाकवायचा, दोन पावलं मागे चालायचं आणि काठ्या परत जुळवायच्या. जोरात ओढलं की पडदा फुटतो, हे थोरल्याला पाच-सहा वेळा चुकल्यावर आपोआप कळतं, सांगू नका. हे काम त्याचं. धाकट्याला भोकांचा सपाट झारा आणि पसरट ताट द्या. झारा बुडवून हवेत फिरवला की एका झटक्यात पन्नास बारके फुगे. थोरल्याचा एक फुगा मोठा, धाकट्याचे फुगे पुष्कळ, आणि कोण जिंकलं हे कोणालाच ठरवता येत नाही.

स्ट्रॉ वापरायची झाली तर तिच्या मध्यावर सुईने भोक पाडा. फुंकता येतं, पण मिश्रण ओढून तोंडात येत नाही. आणि हा खेळ माती किंवा गवतावर. फरशीवर साबण सांडला की कोणीतरी आपटणारच, तेही बहुधा घरातली वडीलधारी.

पावसाने किंवा उन्हाने घरात कोंडले गेलात तर चादरीचा तंबू. दोरी दाराच्या कडीला नि खिडकीच्या गजाला बांधा, चादर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा. चादरीवर पुस्तकं ठेवून ती कपाटावर दाबायची हौस टाळा, आतून एक ओढ बसली की पुस्तकं डोक्यावर. खेळ संपला की दोरी लगेच सोडायची, गळ्याच्या उंचीवर ताणलेली दोरी अंधारात दिसत नाही. सावल्यांचा खेळ करायचा असेल तर एकच दिवा असलेली टॉर्च चादरीमागे दीड-दोन मीटरवर ठेवा. हात चादरीजवळ असला की सावली रेखीव, टॉर्चजवळ नेला की राक्षसाएवढी पण धूसर. टॉर्च धाकट्याकडे. दिवा बंद केला की नाटक बंद, त्यामुळे दादाला त्याच्याशी गोडीनेच वागावं लागतं.

अंगावर पडून कुस्ती खेळणं हीसुद्धा मजाच, ती पूर्ण बंद करू नये असं मला वाटतं. गादी खाली ओढा, टोकदार फर्निचर हलवा, 'थांब' म्हटलं की जागच्या जागी थांबायचं हा एकच नियम, आणि झोपायच्या तासभर आधी नको. मोठ्यांनी मात्र एक गोष्ट सोडून द्यावी: पोराला मनगटं धरून गोल फिरवणं किंवा दोन हातांनी झोके देणं. पाच वर्षांच्या आत कोपरातला अस्थिबंध सैल असतो, ताण बसला की तो हाडाच्या डोक्यावरून सरकतो. मूल हात हलवायचंच थांबवतं, सूज मात्र दिसत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं नाटक करतंय. डॉक्टर तो बहुधा मिनिटभरात बसवतात, आपण प्रयत्न करू नये. फिरवायचं तर काखेत धरून.

'केक खाल्ला म्हणून चेकाळलेत' हे वाक्य प्रत्येक समारंभात ऐकू येतं. १९९४ साली झालेल्या एका प्रयोगात पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांच्या आयांना सांगितलं गेलं की मुलाला भरपूर साखर दिली आहे. दिली होती साखर नसलेली गोडी. तरी त्या आयांनी मुलं जास्त अस्वस्थ असल्याचं नोंदवलं, आणि त्या स्वतःही मुलाच्या जास्त जवळ घुटमळत राहिल्या. पुढच्याच वर्षी २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही साखरेचा वागण्यावर परिणाम आढळला नाही. दातांसाठी साखर आवरायची तर जरूर आवरा, पण दंग्याचं कारण गर्दी, आवाज आणि हुकलेली झोप यांतच शोधा. दुपारची झोप झाल्यावर दीड तासाचा कार्यक्रम, पाहुणी मुलं वयापेक्षा एखादं जास्त, एवढं पाळलं की अर्धा दंगा जागेवरच कमी होतो.

फुगे जपून. खरा धोका न फुगवलेल्या आणि फुटलेल्या फुग्याचा. रबराचा तुकडा घशात श्वासमार्गावर पडद्यासारखा चिकटतो आणि खोकून निघत नाही. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांसाठी तसा इशारा छापणं बंधनकारक आहे. फुगवायचं काम मोठ्यांनी पंपाने करावं, आणि फुटला की तुकडे त्याच मिनिटाला उचलावेत. पोरांच्याच हातात पिशवी देऊन तुकडे गोळा करायला लावणं मात्र नको, हे एक काम त्यांचं नाही.

भेटवस्तू पाहुणे गेल्यावर उघडा. भावाला 'त्याला वाईट वाटू नये म्हणून' वेगळी भेट देऊ नका, तो कागद फाडायचा मान त्याला द्या. आत नाण्यासारखी चपटी बॅटरी असलेलं काही निघालं, म्हणजे लुकलुकणारी मेणबत्ती, गाणारं कार्ड, चमकणारी अंगठी, तर झाकणाला स्क्रू आहे का ते आधी पाहा. ही बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत खोल जखम होऊ शकते, आणि खेळणं चालेनासं झालं तरी बॅटरीत तेवढी ताकद उरलेली असते. नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा. स्क्रू नसलेली वस्तू मुलाच्या हातात जायच्या आधीच बाजूला काढा. दहा भेटींत ती एक कमी झाली हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षातही येत नाही.