म्हणे फॉरमॅट मार!
ऑनलाइन मदत-ग्रुपवर कुणीतरी विचारलेला प्रश्न एवढाच, की ‘कृतीदेव’ या जुन्या देवनागरी फाँटमधली फाइल उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा का दिसतो? आता उत्तरं बघा. ‘विंडोज फॉरमॅट मार.’ ‘रॅम वाढव.’ ‘व्हायरस असेल.’ एक महाभाग तर नवा लॅपटॉप घ्यायला सांगून मोकळे! अहो, प्रश्न वाचता की नुसताच वास घेता? त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेत. फाँट नसेल तर खालची इंग्रजी उघडी पडणारच. फाँट टाका, नाहीतर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतांत, बदलून घ्या. संपलं! देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरी लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत हा घोळ चालूच. आणि विचारणारे तरी काय कमी? ‘झालं, थँक्स!’ म्हणून गायब. अरे, कसं झालं ते कोण सांगणार?