गादी एल फोर-फाइव्हची, नस एल फाइव्हची

ताई, बाबांच्या पायात उतरणाऱ्या कळेसाठी कमरेत नसेजवळ दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल तुम्ही लिहिलंत. एमआरआयमध्ये एल फोर-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली, गादी सरकलेली आणि बाबांना सुई टोचली एक पातळी खाली, म्हणजे जागाच चुकली, हा तुमचा मुख्य आक्षेप. शेजाऱ्यांना ओपीडीतच इंजेक्शन मिळालं, मग सी-आर्मचे, म्हणजे सुई जाताना स्क्रीनवर दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्राचे, पैसे कशाला, हा दुसरा.

कमरेतली गादी सहसा त्या पातळीवर बाहेर पडणारी नस दाबत नाही, खाली उतरणारी दाबते. एल फोर-फाइव्हला सापडते ती एल फाइव्हची नस, आणि ती बाहेर पडते एक पातळी खाली. कळ नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडे जात असेल, तर सुई बरोबर गेली. रिपोर्टात ‘फोरामिनल’ शब्द मात्र शोधा. गादी कडेच्या छिद्रातच घुसली असेल तर एल फोर दाबली जाते, मग तुमची शंका रास्त.

आता सी-आर्म. पालथं झोपवून, पोटाखाली उशी देऊन यंत्र तिरकं केलं की मणक्याची सावली छोट्या कुत्र्यासारखी दिसते. त्याच्या डोळ्याखाली, घड्याळात सहा वाजतात तिथे, साडेतीन इंची बारीक सुई जाते. मग बाजूने बघून सुई किती खोल गेली ते तपासतात. खरी परीक्षा त्यापुढे: स्क्रीन चालू ठेवून अर्धा-एक मिली डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, सोडायचा. नसेच्या कडेने गडद रेघ उमटून टिकली तर ठीक. क्षणात पुसली गेली तर सुई रक्तवाहिनीत आहे. सिरिंज ओढून रक्त आलं नाही, एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. ती वाहिनी मज्जारज्जूला रक्त पुरवणारी निघाली आणि स्टेरॉइड कणांचं असलं, ट्रायमसिनोलोनसारखं, तर कण अडकून पाय लुळे पडू शकतात. क्वचितच, पण कायमचे. म्हणून बरेच जण कण नसलेलं डेक्सामेथासोन वापरतात. शेजाऱ्यांचं इंजेक्शन बहुधा स्नायूतलं असावं; त्याची तुलना इथे नको.

दोन महिन्यांनी दुखणं परतलं म्हणता, यात नवल नाही. औषध सूज उतरवतं, गादी मागे ढकलत नाही. ‘कायमचा इलाज’ कुणी म्हणालं असेल तर ते चूकच. बाबांना मधुमेह असून स्टेरॉइडने साखर काही दिवस चढेल हे सांगितलं नाही, ही तुमची तक्रार शंभर टक्के मान्य.

दुसऱ्या इंजेक्शनआधी बाबांना विचारा: पहिल्या वेळी सुरुवातीच्या दोन-तीन तासांत कळ थांबली होती का? बधिर करणारं औषध मिसळलेलं असूनही थांबली नसेल, तर त्याच जागी पुन्हा टोचून घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. इंजेक्शनच्या दिवशी पाय बधिर राहू शकतो, तेव्हा दादरचा पूल चढून लोकल नको, टॅक्सी करा. आणि पाऊल उचलेनासं झालं किंवा लघवी अडली, तर तारखेची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.