सडा उन्हाळ्यातच बघावा

साहेब, नव्या खात्यात रुजू झालात, प्रकल्पाची फाईल टेबलावर आली आणि वरून फोनही आला असेल. घाबरू नका. पर्यावरण मंजुरीची २००६ ची अधिसूचना वाटते तेवढी कडक नाही. फक्त कॅलेंडर बघून कामाला लागा.

प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या पाहणीला पावसाळा सोडून एका ऋतूची आकडेवारी पुरते. जागा कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, असेल तर एप्रिलसारखा महिना नाही. तापलेला जांभा, करपलेलं गवत, एखादी चुकार गाय. बिनधास्त लिहा, ‘पडीक, खडकाळ जमीन, वनस्पती विरळ.’ श्रावणात त्याच कातळावर तेरडा आणि सीतेची आसवं फुलतात, किडे खाणारं दवबिंदूचं रोप उगवतं, डबक्यांत बेडूक ओरडतात, खालच्या वाडीतल्या विहिरी भरतात. पण तोवर तुमचा अहवाल बाइंडिंग होऊन आलेला असतो.

सल्लागार तुम्हीच नेमायचा, बिलही तुम्हीच द्यायचं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे त्याला शिकवावं लागत नाही. मात्र नक्कल मारताना जंगल आपल्याच देशातलं आहे ना, तेवढं बघून घ्या. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातले स्प्रूस आणि बर्च उगवले होते. अरे, निदान काजू तरी लिहायचा!

रस्ता फार लांब आहे? तुकडे पाडा. उत्तराखंडातल्या चारधामच्या जवळपास ९०० किलोमीटर रस्त्याचे ५३ झाले. १०० किलोमीटरच्या आतल्या रुंदीकरणाला ही मंजुरी लागत नाही. रेल्वे असेल तर पेढे वाटा, मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत तिचं नावच नाही.

कोर्टाचं टेन्शन नको. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या अर्जात भोवतालच्या जंगलाची माहिती दडवली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित केली. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. आता तिथे विमानं उतरतात.

राहता राहिली जनसुनावणी. ३० दिवस आधी नोटीस द्या. किती माणसं यावीत याची अट नाही. तरी एखादी आजी येतेच. उठून म्हणेल, ‘सड्यावरचा पाणी आमच्या बावडीत येता.’ तिला मधेच तोडू नका, पाणी विचारा, इतिवृत्तात ‘मुद्दा नोंदवला’ लिहा. आणि सुनावणी मे महिन्यातच ठेवा. चला, बावडी दाखवते म्हणाली, तर खुशाल जा. तळाला गाळच दिसेल.